जन्मसिद्ध नागरिकत्वाचा खटला : न्यायालयाने नेमके काय ठरवले आणि काय ठरवले नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ आणि भावजय टेक्सासमध्ये नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि घरात बाळ येणार आहे. जून २०२५ मध्ये ‘सर्वोच्च न्यायालयात ट्रम्प यांचा विजय’ असे मथळे आपण वाचले, तरीही त्यानंतर जन्मलेल्या मुलांना अमेरिकी पासपोर्ट मिळतच आहेत, हे कसे? त्याला जोडून आपण असेही म्हटले आहे की तिथले न्यायाधीश शेवटी आपापल्या पक्षाचेच असतात, तेव्हा कायद्याचा कीस पाडण्यात अर्थ नाही. पहिल्या प्रश्नाचा उलगडा झाला की दुसऱ्या विधानात तथ्य किती, तेही दिसेल.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आपोआप मिळणारे नागरिकत्व, म्हणजे जन्मसिद्ध नागरिकत्व, मर्यादित करणारा आदेश ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे शपथविधीच्याच दिवशी काढला. त्यातून दोन प्रकारची मुले जन्मसिद्ध नागरिकत्वातून वगळली गेली. एक, ज्यांची आई बेकायदा राहते अशी. आणि दुसरी, ज्यांची आई कायदेशीरपणे पण तात्पुरत्या व्हिसावर, मग तो शिक्षणाचा असो, नोकरीचा असो वा पर्यटनाचा, राहते अशी. दोन्ही प्रकारांत वडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसले पाहिजेत. चर्चा सगळी पहिल्या प्रकाराची होते, पण ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे ताटकळणारे भारतीय अभियंते दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि त्यांचा कर, गृहकर्ज किंवा राहण्याची वर्षे यांपैकी कशालाही या आदेशात किंमत नाही.

मूळ वाद राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीवर आहे. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, ही दुरुस्ती आली ती कृष्णवर्णीय नागरिक होऊच शकत नाहीत असे सांगणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाला पुसून टाकण्यासाठी. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, असे ती सांगते. सरकारचा सगळा भर ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या अटीवर आहे. याच अटीचा निर्णय १८९८ मध्ये वाँग किम आर्कच्या प्रकरणात झाला होता. हा सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला माणूस. १८९५ मध्ये चीनहून परतताना तो नागरिक नाही असे सांगून त्याला बंदरातच अडवण्यात आले आणि किनारा समोर दिसत असताना जहाजांवर अडकवून ठेवण्यात आले. चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी असलेल्या त्या काळातही न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याला नागरिक ठरवले. परकीय राजदूतांची मुले, आक्रमण करून प्रदेश बळकावलेल्या शत्रूची मुले, असे मोजकेच अपवाद त्या निकालात सांगितले आहेत. आता सरकार म्हणते की वाँगचे आईवडील तिथे कायमचे स्थायिक होते आणि व्हिसाधारक तसे नसतात. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण निकालात स्थायिकतेचा उल्लेख असला तरी त्याचा पाया जन्मस्थान हाच आहे; शिवाय घटनेतले तेच शब्द संसदेने नागरिकत्वाच्या कायद्यातही घातलेले आहेत आणि कायदा अध्यक्षांच्या सहीने बदलत नाही.

आता आपल्या गोंधळाचे मूळ. आदेश निघताच ठिकठिकाणी दावे दाखल झाले. सिॲटलचे न्यायाधीश जॉन कॉफनॉर यांनी २३ जानेवारीलाच तूर्तातूर्त मनाई दिली आणि आदेश उघडउघड घटनाबाह्य असल्याचे भर न्यायालयात सुनावले. पुढच्या काही आठवड्यांत मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधूनही अंतरिम मनाई हुकूम निघाले. या तिन्ही हुकुमांचा परिणाम देशभर होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्याने आदेश घटनेत बसतो असे ठरवून द्या, अशी मागणी केलीच नाही. खालच्या एका न्यायाधीशाने, समोर नसलेल्या लोकांच्या बाबतीतही, संपूर्ण देशासाठी मनाई द्यावी का, एवढाच मुद्दा नेला. ज्या मुद्द्यावर हरण्याची भीती तो घरी ठेवायचा आणि जिंकण्याजोगा तेवढाच पुढे करायचा, हे वकिली चातुर्य मान्य करावे लागते.

२७ जून २०२५ चा निकाल त्या मुद्द्यावर आला. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी सहा जणांच्या बहुमताच्या वतीने लिहिले की १७८९ च्या कायद्याने संघीय न्यायालयांना जे अधिकार मिळाले, त्यांत अशा सार्वत्रिक मनाईचा अधिकार बहुधा बसत नाही. दाद मागणाऱ्याला पूर्ण न्याय मिळण्यापुरतीच मनाई असावी. आदेश घटनेत बसतो की नाही, या प्रश्नाला निकालाने हातच लावला नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी भिन्नमतात, या व्यवस्थेत कोणताच हक्क सुरक्षित राहणार नाही, असा इशारा दिला. मथळ्यांत मात्र यातला फक्त ‘विजय’ उरला.

त्या निकालाचा एक विचित्र परिणाम आपल्या कुटुंबाला थेट लागू पडणारा होता. आदेशाविरुद्ध २२ राज्ये न्यायालयात गेली होती. न्यू जर्सी त्यांत होते, टेक्सास नव्हते. मनाईचा लाभ केवळ वादींपुरता राहिला असता तर एकाच कंपनीत, एकाच व्हिसावर काम करणाऱ्या दोन मराठी कुटुंबांपैकी न्यू जर्सीतल्या एडिसनमधले बाळ नागरिक आणि टेक्सासमधल्या डॅलसमधले बाळ नागरिक नाही, अशी स्थिती आली असती. न्यायालयाने अंमलबजावणी ३० दिवस लांबवल्यामुळे ती वेळ लगेच आली नाही.

त्या ३० दिवसांतच दुसरा मार्ग निघाला. निकालाने सार्वत्रिक मनाईचे दार लावले, पण समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीने काही जणांनी दावा लावायची जी जुनी रीत आहे, म्हणजे क्लास ॲक्शन, तिला धक्का लावला नव्हता. १० जुलै रोजी न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लान्ट यांनी असा वर्ग मान्य करून त्याच्यापुरती मनाई दिली. या वर्गात त्यांनी आईवडिलांना घेतले नाही, फक्त मुलांना घेतले : २० फेब्रुवारी २०२५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली आणि आदेशाचा फटका बसणारी मुले, राज्य कोणतेही असो. त्यामुळे टेक्सासमधले बाळ जन्मताच त्या दाव्यात वादी होते आणि त्याला वेगळी याचिका करावी लागत नाही. हे प्रकरण ‘ट्रम्प विरुद्ध बार्बरा’ या नावाने चालते. बार्बरा हे आईची ओळख लपवण्यासाठी घेतलेले नाव आहे. मुलांना पासपोर्ट का मिळत आहेत, याचे उत्तर हे आहे. पुढे नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयांचा विभाग) अपील न्यायालयाने जुलैमध्ये आणि पहिल्या सर्किटने ऑक्टोबरमध्ये आदेश टिकणारा नाही असे म्हटले, आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार्बरा प्रकरण सुनावणीसाठी स्वीकारले. मूळ प्रश्न तिथे पोहोचला तो असा वळसा घेऊन. न्यायालयाचे सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि मोठे निकाल सहसा जूनअखेरीपर्यंत येतात.

भारतात ही सार्वत्रिक मनाईची भानगड याच स्वरूपात का उद्भवत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. कुसुम इंगॉट्स प्रकरणात २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केंद्रीय कायद्याच्या वैधतेवर एका उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा परिणाम, तो कायदा लागू असेल तिथवर, भारतभर होतो. शिवाय मूलभूत हक्कांसाठी घटनेच्या कलम ३२ खाली थेट दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय गाठता येते. अमेरिकेत जवळपास सगळे ९४ जिल्हा न्यायालयांपैकी एखाद्यात सुरू होते, म्हणून कोणत्या गावात दावा लावायचा याला राजकीय वजन येते.

यातूनच आपल्या दुसऱ्या विधानाकडे येतो. ते निराधार नाही. न्यायाधीशांना अध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते आणि ते तहहयात पदावर राहतात. जूनचा सहा-तीन निकाल नेमणूक करणाऱ्या अध्यक्षांच्या पक्षांप्रमाणे तंतोतंत विभागलेला होता. डेमोक्रॅट राज्ये सिॲटल-बॉस्टन गाठतात, तर बायडन यांच्या काळात रिपब्लिकन मंडळी टेक्सासमधली न्यायालये गाठत होती, आणि तेव्हा देशव्यापी मनाईचे गुणगान उलट्या बाजूने चालू होते, हे विसरू नये. पण कॉफनॉर यांना रेगन यांनी नेमले होते आणि लाप्लान्ट यांना धाकट्या बुश यांनी, म्हणजे दोघांनाही रिपब्लिकन अध्यक्षांनीच. याच लाप्लान्ट यांनी फेब्रुवारीत मनाई देताना ती फक्त समोरच्या संघटनांच्या सदस्यांपुरती ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये जो संयम मागितला तो त्यांनी आधीच पाळला होता. उलट दिशेचे उदाहरण हवे असेल तर टेक्सासमधल्या अमारिलो येथून गर्भपातविरोधी डॉक्टरांनी सुरू केलेले गर्भपाताच्या गोळीचे प्रकरण घ्या. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नऊ विरुद्ध शून्य मतांनी निकाली काढले, तेही गोळीच्या योग्यायोग्यतेवर काही न बोलता, दावा लावणाऱ्या डॉक्टरांना तो लावण्याचा अधिकारच पोहोचत नाही एवढ्या कारणावर. पक्ष पाहून निकालाचा अंदाज बांधणाऱ्याला असे निकाल दिसतच नाहीत. म्हणून बातमी वाचताना मी आधी पाहतो की मनाई तात्पुरती आहे की अंतिम निर्णय झाला आहे, आणि न्यायालयासमोर नेमका प्रश्न कोणता होता. न्यायाधीशाचा पक्ष त्यानंतर.

आता भावजयीपुरते. अमेरिकेत जन्मदाखला स्थानिक वा राज्य यंत्रणा देते आणि पासपोर्ट संघीय सरकार देते. आदेशाचा रोख संघीय यंत्रणांवर आहे, त्यामुळे रुग्णालयातून दाखल्याची नोंद नेहमीप्रमाणेच होईल. तो हाती येताच पासपोर्टचा अर्ज करावा. सोळा वर्षांखालील मुलासाठी सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांना बाळासह समक्ष जावे लागते. पुढे मूळ निकाल सरकारच्या बाजूने लागला तर काय, हा धोका आज मला कमी वाटतो, पण वकिलाशी एकदा बोलून ठेवावे. आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची असते आणि त्यासाठी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. म्हणजे दोन्ही कागद एकदम काढून ठेवता येत नाहीत. तेव्हा कोणता अर्ज आधी करायचा, हे बाळ येण्यापूर्वीच घरात ठरलेले बरे.