जुन्या फेरारीची ओळख: आधी एवढंच बघा

जुनी फेरारी खरी तीच आहे का हे तपासायला १६६ या मॉडेलपासून सुरुवात करताय, छान! गाडीवर लावलेल्या चॅसी नंबरच्या पाटीवर विसंबू नका, ती कुणीही बदलू शकतं. फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चॅसी नंबर (सांगाड्याचा ओळख क्रमांक) शोधा. टॉर्च आडवा धरा. जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर तिथला पत्रा किंचित खोलगट दिसतो.

नवखे हमखास फसतात ते बॉडीला आणि इंजिनाला. रेसच्या गाड्यांत दोन्ही बदलली जायची.

मग कागद. इटलीत १९२७ पासून पीआरए ही सरकारी वाहननोंदणी आहे, तिथे मालकांचा क्रम सापडू शकतो.

जुन्या फोटोत नंबरप्लेट वाचा. मिल्ले मिलिया या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत १९४९ पासून गाडीवर रंगवलेला आकडा म्हणजे निघायची वेळ: ६२४ म्हणजे सकाळी ६:२४. त्या आकड्यावरून गाडी ठरवू नका.

गिअरबॉक्सचे नंबर सध्या राहू द्या.