छप्पन गाणी अमेरिकेच्या पडद्यावर आणताना

सप्रेम नमस्कार,

युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गीतस्पर्धेच्या धर्तीवर अमेरिकेतल्या राज्यांची स्पर्धा टीव्हीवर आणण्याचा तुझा आराखडा वाचला. पहिली चार पानं रंगमंच, रोषणाई आणि निवेदकांवर खर्ची पडली आहेत आणि मतदान शेवटच्या अर्ध्या पानात उरकलं आहेस. हा क्रम आधी उलटा कर. युरोव्हिजनमध्ये चमचमाट भरपूर असतो, पण माणसं अंतिम फेरीचे चार तास खिळून बसतात ती गुणांसाठी. शेजारचा देश आपल्याला सर्वाधिक, म्हणजे बारा गुण देतो की हात हलवत परत पाठवतो, हे बघायला.

२०२२ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीने केलेला प्रयोग बारकाईने तपास. ‘अमेरिकन साँग कॉन्टेस्ट’मध्ये ५० राज्यं, ५ प्रदेश आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून ५६ गाणी होती. निवेदक गायिका केली क्लार्कसन आणि रॅपर स्नूप डॉग. स्पर्धकांत अलास्काकडून ज्युएल, कनेक्टिकटकडून मायकल बोल्टन. नावांची वानवा नव्हती. २१ मार्चला सुरू झालेली स्पर्धा ९ मे रोजी संपली: पाच प्राथमिक फेऱ्या, दोन उपांत्य, एक अंतिम. ओक्लाहोमाची अलेक्सा ७१० गुणांनी जिंकली, दुसऱ्या आलेल्या कोलोरॅडोला ५०३ गुण मिळाले. पुढचा हंगाम झाला नाही.

माझ्या मते पहिली चूक कॅलेंडरची. आपल्या ‘सारेगमप’सारख्या कार्यक्रमात लांबण चालते, कारण गायक दर आठवड्याला नवं गाणं घेऊन येतो आणि डोळ्यांसमोर घडत जातो. इथे स्पर्धा गाण्याची आहे. अंतिम फेरीत पोचलेलं गाणं प्रेक्षक तिसऱ्यांदा ऐकतो, आणि मधे आठवडे गेलेले असतात. उत्सुकता इतकी ताणली की तुटते.

हिशेब मांडून बघ. अमेरिकी वाहिनीच्या दोन तासांत जाहिराती वजा जाता साधारण ८५ मिनिटं हातात येतात. एनबीसीच्या एका प्राथमिक फेरीत साधारण अकरा गाणी, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी ३३. उरलेल्या पन्नासेक मिनिटांत निवेदकांना गप्पा माराव्या लागतात, आणि त्या गप्पा कितीही मोठ्या माणसाने मारल्या तरी भरतीचा माल वाटतो. ५६ ला चारने भाग. रात्रीला चौदा गाणी: ४२ मिनिटं, मधल्या ४० सेकंदांच्या चित्रफितींची आणखी नऊ-दहा. उरलेल्या ३४ मिनिटांत उजळणी, मतदान आणि निकाल आरामात बसतात. चार रात्री दोन आठवड्यांत संपव, प्रत्येकीतून पाच गाणी घे आणि तिसऱ्या आठवड्यात वीस गाण्यांची तीन तासांची अंतिम फेरी कर. शनिवार मात्र टाळ. युरोपात तो या स्पर्धेचा हक्काचा वार आहे, अमेरिकी वाहिन्यांवर ती आठवड्यातली सर्वांत सुस्त रात्र.

हे संघराज्याला जमत नाही असं कोणी म्हटलं तर जर्मनी दाखव. तिथले टीव्ही निवेदक श्टेफान राब यांची ‘बुंडेसव्हिजन’ स्पर्धा सोळा राज्यांना घेऊन २००५ ते २०१५ दरवर्षी झाली, तीही एकाच रात्रीत.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. युरोपात गाणं निवडतं त्या-त्या देशाचं प्रसारण मंडळ. स्वीडनमध्ये त्यासाठी अनेक आठवड्यांची वेगळी स्पर्धा चालते. इटलीचा सान्रेमो महोत्सव १९५१ चा, म्हणजे खुद्द युरोव्हिजनपेक्षा पाच वर्षांनी थोरला. म्हणून लांबण हवीच असेल तर ती घरच्या निवडीत घाल. मे महिन्यात गाणं परदेशी जातं तेव्हा ते ‘आपलं’ झालेलं असतं. निर्मात्यांनी कचेरीत बसून छप्पन नावं ठरवली, तर वायोमिंगच्या माणसाला आपलं गाणं कार्यक्रमातच पहिल्यांदा कळतं. निवड स्थानिक टीव्ही केंद्रांकडे सोपव. अडचण आत्ताच सांगतो: अमेरिकेत टीव्हीच्या बाजारपेठा राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. न्यू जर्सी अर्धं न्यूयॉर्कच्या आणि अर्धं फिलाडेल्फियाच्या केंद्रांखाली येतं. अशा राज्यांसाठी दोन केंद्रांची जोडी किंवा स्थानिक रेडिओ आधीच ठरवून ठेव.

आता मतदान. कॅलिफोर्नियात सुमारे चार कोटी माणसं, वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख. मतं सरसकट मोजलीस तर लहान राज्यांनी घरी बसावं. युरोव्हिजनची १९७५ पासूनची पद्धत जशीच्या तशी घे: प्रत्येक राज्य आपल्या पहिल्या दहांना १२, १०, मग ८ ते १ गुण देईल. घरच्या गाण्याला मत नाही. या एका नियमामुळे माणूस इतरांची गाणी कान देऊन ऐकतो.

पण मतदार कुठला, हे ओळखायचं कसं? युरोपात फोन नंबरावरून देश कळतो. अमेरिकेत माणूस अलास्कातलं अँकरेज सोडून टेक्सासमधल्या ह्यूस्टनला गेला तरी अलास्काच्या ९०७ ने सुरू होणारा नंबर सोबत नेतो. म्हणून फोनच्या कोडवर विसंबू नकोस. बँक कार्डाच्या पत्त्याचा झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड घे. मतं फुकट आणि अमर्याद ठेवलीस तर निकाल चाहत्यांच्या फौजा लावतील. युरोव्हिजननेही दर मतदाराच्या मतांची मर्यादा २०२६ साठी वीसवरून दहावर आणली. तू पाचावर थांब.

घड्याळ भिंतीवर लाव. वसंतात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसला पाच, हवाईतल्या होनोलुलूला दुपारचे दोन आणि पॅसिफिकमधल्या ग्वामला दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा. पश्चिमेला कार्यक्रम तीन तास उशिरा दाखवलास, तर तिथे पहिलं गाणं सुरू होईपर्यंत पूर्वेचा निकाल सगळ्यांच्या फोनवर. सगळीकडे एकाच वेळी थेट दाखव. मग गाण्यांचे शब्दही पश्चिमेच्या संध्याकाळी पाचच्या हिशेबाने तपासावे लागतील, कारण अमेरिकेत अश्लीलतेचे प्रसारण-नियम सकाळी सहा ते रात्री दहा लागू असतात.

निकालात गुण दोन भागांत येतील: आधी राज्यांच्या परीक्षकांचे, मग जनतेचे. छप्पन परीक्षक मंडळं प्रत्येकी तीस सेकंद बोलली तरी २८ मिनिटं जातात. तेव्हा प्रतिनिधीने फक्त बारा गुण सांगायचे, बाकीचे पडद्यावर. जनतेचे गुण त्यानंतर, परीक्षकांच्या यादीत तळाशी असलेल्या राज्यापासून वर. परीक्षकांकडून मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण ५५ गुणिले १२, म्हणजे ६६०. हा आकडा निवेदकाच्या कागदावर हवा, नाहीतर भलतंच काहीतरी बोलून बसेल.

रंगमंचाचं थोडक्यात. जास्तीत जास्त सहा माणसं, मुख्य आवाज थेट, वाद्यं ध्वनिमुद्रित. कंट्री आणि रॉकवाले यावर भांडतील. पण खरा ड्रम-सेट लावून आवाज जुळवायला काही मिनिटं लागतात आणि दोन गाण्यांमधे तुझ्याकडे चित्रफितीचे ४० सेकंदच आहेत. सगळं सामान चाकांवर, जागा जमिनीवर पट्टीने आखलेल्या. तालमीसाठी प्रत्येकाला आधी तीस, मग वीस मिनिटं धर: छप्पन जणांचे सत्तेचाळीस तास, रंगीत तालमी वेगळ्या. आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवरच परीक्षकांचं मतदान घे आणि तिचं चित्रण राखून ठेव. थेट प्रक्षेपण तुटलं तर तेच लावता येतं.

राहिले कागद. हिपहॉपच्या गाण्यात जुन्या ध्वनिमुद्रणाचा दोन सेकंदांचा तुकडा असला तरी मूळ मालकाची लेखी परवानगी आधी घेऊन ठेव, ती यायला महिने जाऊ शकतात. प्रत्येक गीतकार-संगीतकाराचा गाण्याच्या हक्कातला टक्का लिहून सह्या झाल्याशिवाय प्रवेशिका स्वीकारू नकोस. गाणं निवडल्यावर सही मागायला गेलास की समोरच्याचा टक्का वाढलेला असतो.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा मतदानाचं पान सर्वांत वर ठेव, आणि न्यू जर्सीचं काय ठरवलंस ते त्यातच लिही.

कळावे.