देव मॅनावर चालत नाहीत

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी विषय एकच: खऱ्या धर्मांवरून सुचलेल्या जादूचे खेळ. काही पत्रं कागद-फाशांच्या खेळांबद्दल आहेत, काही कॉम्प्युटरवरच्या. नियम बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे चालतील.

प्रश्न : माझ्या फँटसी खेळात पाच संप्रदाय आहेत, पाचही खऱ्या धर्मांवर बेतलेले. मंत्र, चिन्हं, रंग सगळं वेगळं दिलं. तरी खेळून पाहणारे म्हणतात, सगळे सारखेच वाटतात.

चित्रं ठीक असतील, गडबड नियमांच्या पानावर आहे. पाचही संप्रदाय बहुधा एकाच यंत्रावर चालत असणार: मॅना (जादूसाठी लागणारी साठवलेली शक्ती) खर्च करा, इजा करा, कूलडाउन (पुन्हा जादू करता येईपर्यंतचा वेळ) संपेपर्यंत थांबा. बाहेरून देऊळ रंगवलं तरी आत पेट्रोलपंपच राहतो. गंमत अशी की ‘मॅना’ हा शब्दच मुळात धर्मातला. मिशनरी रॉबर्ट कॉड्रिंग्टन यांच्या मेलानेशियावरच्या १८९१ च्या पुस्तकामुळे तो अभ्यासकांत पसरला. त्या बेटांवरच्या भाषांत त्याचा रोख ‘फळणं, लागू पडणं’ असा आहे. टाकीत भरायचं इंधन तो खेळांनी केला.

प्रत्येक संप्रदायाला चार प्रश्न विचारा. शक्ती कुणाची? वापरणाऱ्याच्या वागण्याशी तिचा संबंध आहे का? विधीत चूक झाली तर काय होतं? किंमत कोण आणि कधी मोजतं? उत्तरं वेगळी आली की नियम आपोआप वेगळे होतात.

पुराणातलं तप घ्या. ते माणसाचं स्वतःचं असतं, हळूहळू साठतं, दुसऱ्याला सहज देता येत नाही आणि रागाच्या भरात शाप दिला की खर्ची पडतं. म्हणजे तपस्व्याला हरवायला तलवार लागत नाही, त्याला चिडवलं की पुरे. शत्रूच्या चालींत ‘विचलित करणं’ ही वेगळी चाल ठेवा. आता कॅथलिक संस्कार बघा. तिथे धर्मगुरू खासगीत पापी असला तरी विधी वैध ठरतो. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट पंथाशी याच मुद्द्यावर मोठा वाद झाला, आणि १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ही भूमिका पक्की केली. खेळात याचा अर्थ: फासा टाकायचा नाही, परिणाम ठरलेला, लेव्हल वाढली तरी तेवढाच. पण दीक्षा, साहित्य आणि शब्द तिन्ही हवेत. लबाड पुरोहिताकडूनच जीव वाचवून घ्यायची वेळ खेळाडूंवर येते, तेव्हा हा नियम रंगतो.

तिसरा नमुना बौद्ध विनयातला, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतला. पिंडोल भारद्वाज या भिक्षूनं हवेत उडून उंचावर टांगलेलं चंदनाचं पात्र काढलं, तेव्हा बुद्धानं त्याला फटकारलं आणि गृहस्थांसमोर सिद्धी दाखवायला भिक्षूंना बंदी केली. नियम करा: सिद्धी फुकट, पण पाहणाऱ्या प्रत्येक गृहस्थामागे १ गुण वजा. असा संप्रदाय रात्री आणि एकट्यानं काम करू लागतो, तुम्ही सांगावं लागत नाही.

या चार प्रश्नांना दोन संप्रदायांची उत्तरं तीच आली तर त्यातला एक काढून टाका.

प्रश्न : मी नवसाचा नियम ठेवला आहे. आता मदत, नंतर फेड. खेळाडू ढीगभर नवस बोलतात आणि फेडतच नाहीत.

मदत आधी आणि फेड नंतर असली की ते बिनव्याजी कर्ज झालं. रोमन लोकांचा नवस याहून काटेकोर होता, तोच उचला. बोलतानाच तीन गोष्टी लिहायच्या: कोणता देव, नेमकं काय मागितलं, पावला तर काय आणि कुठे देणार. मागणी पुरी झाली तरच देणं लागू. नाही झाली तर काही देणं नाही. ही अट विसरू नका, कारण तिच्यामुळे फासा पडला नाही तरी खेळाडू दुहेरी नाडला जात नाही.

दोन फासे टाका. ६ किंवा कमी आले तर देवानं ऐकलं नाही, ७ ते ९ अर्धं काम, १० किंवा जास्त पूर्ण काम. ३६ पैकी १५, १५ आणि ६ शक्यता पडतात. आधीचे नवस वेळेवर फेडलेल्याला १ गुण जादा द्या, मग त्याच शक्यता १०, १६ आणि १० होतात. एवढा फरक खेळाडूला जाणवतो. २ गुण जादा दिलेत तर पूर्ण काम १५ वेळा होतं आणि नवस स्वस्त वाटू लागतो.

किंमत ठराविक नाण्यांत ठेवू नका. दहाव्या सत्रात १०० नाणी म्हणजे चिल्लर असते. हिस्सा ठेवा. रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात कॅमिलस हा रोमन सेनापती वेई शहराच्या लुटीचा दहावा हिस्सा अपोलोला बोलतो. शहर पडतं, सैनिक लूट घेऊन मोकळे होतात, आणि मग तो दहावा हिस्सा परत गोळा करताना वाद पेटतो. तुमच्या टेबलावर हेच होणार. म्हणून लूट मोजली की वाटणीच्या आधी देवाचा वाटा बाजूला काढून टेबलाच्या मध्यभागी ठेवा.

उघडे नवस एका वेळी जास्तीत जास्त ३. बोललेल्या ठिकाणाहून फेड न करता पुढे गेलं, तर त्या देवाची सगळी देवळं अख्ख्या गटाला बंद. एकट्याचे हिट-पॉइंट (जीव मोजायचे गुण) कापू नका. ते औषधानं भरून निघतात, गटातल्या चौघांचे टोमणे निघत नाहीत. कॉम्प्युटरवर आणखी एक पळवाट असते: जुना सेव्ह उघडून फासा पुन्हा टाकणं. फाशाचा निकाल नवस बोलण्याच्या क्षणीच ठरवून सेव्हमध्ये लिहून ठेवा. फेड झाली की खेळाडूच्या नावानं शिळा उभी राहू द्या. रोमन वेद्यांवर ‘नवस खुशीनं, रास्तपणे फेडला’ अशा अर्थाची चार आद्याक्षरं कोरलेली सापडतात, आणि खेळाडूंना असं मिरवणं आवडतं.

प्रश्न : मंत्र अचूक म्हणायचा, चुकला तर जादू फसते, असा ताल-खेळ केला. लोक वैतागून सोडून देतात.

चुकीचं फळ ‘काहीच झालं नाही’ असं ठेवल्यामुळे वैताग येतो. वैदिक परंपरेतली इंद्रशत्रूची गोष्ट इथे कामाची आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. शब्द तोच उच्चारला गेला, पण स्वर शेवटच्या अक्षरावर जायचा तो पहिल्यावर गेला. ‘इंद्राचा मारक’चा ‘इंद्र ज्याचा मारक’ झाला आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राकडून मारला गेला. मंत्र फसला नाही, उलटा लागला. खेळासाठी हे सोनं आहे.

प्रत्येक मंत्रात एकच कळीचा शब्द ठेवा. तो चुकला तर परिणाम उलटतो: ढाल शत्रूला मिळते, बरं करणारा मंत्र शत्रूची जखम भरतो. बाकीच्या अक्षरांत चूक झाली तर फक्त एक ठोका उशीर. मंत्र १२ ते १६ अक्षरांचा पुरे, स्वर तीनच: वरचा, खालचा, उतरता. अक्षरं स्वतः रचा, खरा मंत्र वापरू नका. वेळेची सवलत दोन्ही बाजूंना १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात ६ फ्रेम. आणि आवाज व चित्र जुळवून घ्यायचा पडदा पहिल्याच मिनिटाला दाखवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज कधीकधी १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, मग खेळाडू बरोबर असूनही चुकतो. तुमचे निम्मे वैतागलेले लोक या कारणानं गेले असतील तर नवल नाही.

चार जण एकत्र खेळत असतील तर यज्ञातले चार ऋत्विज सरळ भूमिका म्हणून घ्या. होता म्हणतो, अध्वर्यू हातानं कृती करतो, उद्गाता गातो, आणि ब्रह्मा बहुतेक वेळ गप्प बसून चुका पाहतो, चूक झाली की प्रायश्चित्त सांगतो. ब्रह्म्याला एका विधीत दोनदा ‘थांबा’ म्हणायची मुभा द्या. बरोबर पकडलं तर उलटा परिणाम टळतो, उगाच थांबवलं तर एक संधी वाया. तीनच खेळाडू असतील तर होता आणि उद्गाता एक करा, ब्रह्मा कुणात मिसळू नका. न बोलणाऱ्या माणसालाच इथे सगळ्यात जास्त ताण असतो. रोमन पद्धतीत चूक झाली की अख्खा विधी पहिल्यापासून पुन्हा करत. ते मात्र उचलू नका, दहा मिनिटांचा विधी दुसऱ्यांदा कुणालाच नको असतो.

प्रश्न : शाप म्हणजे ‘दर फेरीला ५ इजा’, याहून काही बरं सुचवा.

इंग्लंडमधल्या बाथ इथल्या गरम झऱ्यातून रोमन काळातले सुमारे १३० शापपत्रे मिळाले आहेत, शिसं आणि कथलाच्या पातळ पत्र्यांवर लिहिलेले, बहुतेक चोरीबद्दल. भाषा अर्जासारखी. चोर माहीत नसतो म्हणून ‘पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र’. काही पत्र्यांत चोरीला गेलेली वस्तूच देवीला देऊन टाकलेली असते, म्हणजे चोर आता देवीचा चोर. हा छापील अर्ज करून खेळाडूंना भरायला द्या: काय गेलं, संशय कुणावर, परत मिळेपर्यंत कोणता त्रास. शेवटची ओळ सक्तीची ठेवा: उःशाप काय? ती कोरी राहिली तर शाप लागत नाही. उःशापामुळे शाप ही मोहीम बनते, शापित माणसाला काहीतरी करायला उरतं.

प्रश्न : भविष्यकथन कसं ठेवू? पुढे काय होईल ते खेळाडू ठरवणार, मग भविष्य खोटंच ठरतं. शिवाय मला यी-चिंग या चिनी भविष्यग्रंथातल्या ६४ आकृती वापरायच्या आहेत.

घटना सांगू नका, फासे सांगा. सत्राच्या सुरुवातीला द्रष्टा तीन फासे टाकून सगळ्यांसमोर ठेवतो, समजा ६, ४ आणि १. सत्रभरात कुठल्याही तीन वेळी ताज्या फाशाऐवजी हे वापरायचे, तिन्ही संपलेच पाहिजेत. तो १ कुठे खपवायचा याची चर्चा हेच भविष्य. पळवाट एकच: खेळाडू तो १ दाराची कडी उघडण्यासारख्या फालतू कामावर उधळतात. म्हणून हरल्यास काही गमवायचं असेल तिथेच तो चालेल.

६४ आकृतींचे ६४ परिच्छेद लिहायला बसू नका, विसाव्याला दम लागतो. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या इफामध्ये १६ गुणिले १६ अशा २५६ आकृती आहेत. भविष्य सांगणारा आकृतीची कवनं म्हणत जातो आणि आपल्याला लागू पडणारं कवन विचारायला आलेला माणूस ओळखतो. तुम्हीही आठ मूळ चिन्हांना प्रत्येकी तीन छोटी वाक्यं लिहा. आकृतीत चिन्हं दोन, म्हणजे समोर सहा वाक्यं. लागू पडतं ते खेळाडू निवडेल.

आकृतीत सहा रेघा असतात: तुटक ती यिन, अखंड ती यांग, आणि ‘बदलती’ म्हणजे उलटून दुसरी होणारी. प्रत्येक रेघेसाठी तीन नाणी टाकलीत तर बदलती यिन आणि बदलती यांग प्रत्येकी आठात एकदा येतात. यॅरो या वनस्पतीच्या काड्यांची जुनी रीत वेगळी आहे: बदलती यिन सोळात १, स्थिर यांग ५, स्थिर यिन ७, बदलती यांग ३. चार रंगांच्या १६ गोट्या याच प्रमाणात पिशवीत घाला आणि सहा वेळा काढा. प्रत्येक वेळी गोटी परत टाकायची. हे विसरलं की सगळं प्रमाण बिघडतं, आणि विसरतातच.

प्रश्न : शुभ दिवसाला जादू वाढते असा पंचांग-नियम आहे. खेळाडू नुसते झोपून दिवस ढकलतात.

शत्रूलाही शुभ दिवस द्या, मग झोप महाग पडेल. मेसोअमेरिकेत २० चिन्हं आणि १३ अंक अशी दोन चक्रं एकत्र फिरून २६० दिवस होत. तुम्हाला ४ आणि ५ ची चक्रं पुरतील, २० दिवसांत सगळ्या जोड्या येतात. ४ आणि ६ घेऊ नका. दोघांना २ नं भाग जातो, म्हणून २४ पैकी १२ जोड्या कधीच येत नाहीत, आणि नेमकी त्यातलीच एक तुम्ही कथानकात लिहून बसता.

प्रश्न : कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून देवांची नावं बदलली. एवढं पुरे ना?

नाव सगळ्यात आधी दिसतं, पण अडचण बहुधा आवाजातून येते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) मधल्या अग्निमंदिराच्या संगीतात इस्लामी पठणाचे तुकडे होते, ते नंतरच्या आवृत्त्यांत बदलले गेले. ‘लिटलबिगप्लॅनेट’च्या डिस्क २००८ मध्ये बाजारात येण्याआधी परत मागवल्या गेल्या, कारण त्यातल्या एका गाण्यात कुराणातली दोन वाक्यं होती. दोन्ही ठिकाणी अडचण पार्श्वसंगीताची होती, कथेची नाही.

तेव्हा विकत घेतलेल्या प्रत्येक ध्वनितुकड्याचा मूळ शब्द आणि भाषा नोंदवहीत लिहा. अर्थ कळला नाही तर तुकडा वापरू नका. पठण वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे बदलताना सगळं संगीत पुन्हा मिसळावं लागत नाही. भिंतीवर नक्षी म्हणून लिपी लावली असेल तर ती वाचता येणाऱ्याला दाखवा, आरशासारखी उलटलेली आणि पायाखालच्या फरशीवरची तर नक्कीच. त्या परंपरेतली दोन माणसं मानधन देऊन दोनदा बोलवा: नियम कागदावर असताना, आणि आवाज रेकॉर्ड करायच्या आधी. दीक्षेशिवाय सांगत नाहीत असं काही हाती लागलं तर खेळात घेऊ नका.

प्रश्न : देवाला हिट-पॉइंट द्यावेत का?

नाही. आकडा दिसला की खेळाडू तो शून्यावर आणायला निघतात. त्याऐवजी देव वळवता येऊ द्या. वेई पडण्याआधी रोमनांनी तिथल्या जूनो देवीलाच साद घातली, ‘रोमला या, तिथे तुमच्या योग्यतेचं देऊळ बांधू.’ खेळात यासाठी तीन पायऱ्या लागतील: देवाचं खरं नाव मिळवणं, सध्याच्या देवळात त्याची कोणती सेवा बंद पडली आहे ते शोधणं, आणि दुसरीकडे जागा खरोखर तयार ठेवणं. तिसरी पायरी अर्धवट राहिली तर देव मूळ शहरातून निघतो, पण तुमच्याकडे पोचत नाही, आणि पुढची दोन-तीन सत्रं दोन्ही बाजूंना त्याच्याविना काढावी लागतात.