डेन्मार्कला पवनऊर्जेत येण्याआधी

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात सात वर्षे काढल्यावर आता पर्यावरणासाठी काहीतरी करायचे आहे आणि त्यासाठी डेन्मार्कला यायचे मनात आहे, असे तुम्ही लिहिले आहे. फाउंड्रीचा अनुभव इथे चालेल का, आधी मास्टर्स करावे लागेल का आणि ओळखीचे कोणी नसताना काम कसे मिळवायचे, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी मूळची पाटण तालुक्यातली. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीत चार वर्षे काम करून इथे आले, त्याला आता अकरा वर्षे होतील; सध्या एस्बियर्ग बंदरात पात्यांच्या दुरुस्तीचे नियोजन पाहते. उत्तर जरा लांबेल, कारण तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न उभा आहे: ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय?

‘पर्यावरणासाठी काहीतरी’ हे शब्द मीही मुलाखतीत वापरले होते, आणि त्यांच्याच जोरावर मला इथली पहिली नोकरी लागली, ती एका कंपनीच्या शाश्वतता अहवाल तयार करणाऱ्या विभागात. पुरवठादारांना किती वीज आणि किती डिझेल लागले याचे आकडे मागवायचे, आले नाहीत तर ठरलेल्या सूत्राने अंदाज बसवायचा आणि एका तक्त्यातले दुसऱ्या तक्त्यात न्यायचे, असे ते काम होते. ते निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. नेमके आकडे हवे असतील तर ते काम मनापासून करणारी माणसे लागतातच. पण ते काम माझे नव्हते, आणि एवढी साधी गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागले. कळली तीही एका वहीमुळे. रोज संध्याकाळी एकच ओळ लिहायची की आज कोणत्या कामात घड्याळाकडे लक्ष गेले नाही. तीन महिन्यांनी वही चाळली तेव्हा बहुतेक पाने कोरी होती, आणि भरलेल्या चारही ओळी मी खराब पात्यांचे फोटो तपासायला यार्डात गेले होते त्या दिवसांच्या होत्या.

पात्याची पुढची कड जवळून पाहिली आहे का? मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते, आणि त्या वेगाला पावसाचा थेंबसुद्धा खड्यासारखा लागतो. काही वर्षांत आधी रंग जातो, मग खालचा भराव जातो, आणि शेवटी काचतंतूंचे विणकाम उघडे पडते. त्यावरून हात फिरवला तर नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखे लागते. पठारावरच्या पावसात मी हे पाहिले होते, पण तिथे आम्हाला ते ‘पाते जुने झाले’ एवढेच वाटायचे. इथे त्या कडेमुळे वर्षाला किती वीज बुडते याचा हिशेब होतो, आणि पाते दुरुस्त करून आणखी काही वर्षे चालवायचे की उतरवायचे, हे त्या हिशेबावर ठरते. मला पर्यावरणाची काळजी आहे ती या रूपात आहे: वस्तू वेळेआधी भंगारात जाऊ नये. हे उमगल्यावर कोणत्या कंपन्यांना अर्ज करायचा नाही, हे आपोआप ठरले.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, की कारखान्यामागचे, साच्यांसाठी वापरून टाकलेल्या वाळूचे ढीग पाहून तुम्हाला बरे वाटत नाही. मला ते साऱ्या पत्रातले सर्वांत खरे वाक्य वाटले. पवनचक्क्यांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते कोणीही लिहील, पण वाळूबद्दलचे वाक्य तिच्याजवळ सात वर्षे उभा राहिलेला माणूसच लिहू शकतो. तुमची ओढ खरोखर वाऱ्याकडे आहे की उरलेल्या मालाचे पुढे काय होते याकडे आहे, हे आधी पाहा, कारण त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसरी वाट असेल, तर या देशात कालुनबोर्ग नावाच्या गावाचा अभ्यास करा. तिथे १९७२ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याचा जास्तीचा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला मिळू लागला. पुढे वीज केंद्राची वाफ आणि धूर धुताना तयार होणारे जिप्समही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले. कोणी वरून आराखडा आखून दिला नव्हता. गाव लहान, कारखान्यांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखणारे, आणि माझा कचरा तुझ्या कामाचा आहे का, एवढे विचारण्याइतका विश्वास. शिरोलीतही कारखाने एकमेकांना लागूनच आहेत. तेव्हा तुमचे काम कदाचित तिथेच असेल, हेही मोकळ्या मनाने तपासा. परदेशी आल्यानेच आयुष्याला हेतू मिळतो असे नाही, आणि हे मी अकरा वर्षे बाहेर राहून सांगते आहे.

वाट वाऱ्याचीच असेल तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘हो’ आहे. तिन्ही पाती ज्याला जोडलेली असतात तो हब एसजी आयर्नचा (ज्यातले ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा लोखंडाचा) ओतीव भाग असतो, आणि थंड हवेसाठी या लोखंडाचे जे ग्रेड वापरतात त्यांची आघात चाचणी उणे २० अंशांवर घेतात. नोड्युलॅरिटी (ते ग्राफाइट कितपत गोल झाले आहे), अल्ट्रासॉनिक तपासणी, धातू थंड होताना आकुंचनाने पडलेली पोकळी कुठे असेल याचा अंदाज, हे तुमचे रोजचे काम आहे. मात्र सीव्हीमध्ये ते पदाच्या नावाखाली गाडून टाकू नका. ‘वरिष्ठ अभियंता, गुणवत्ता’ यावरून इथे कोणाला काही कळत नाही. अमुक दोष कसा सापडला, त्याचे कारण कुठल्या टप्प्यावर निघाले आणि नाकारलेला माल किती घटला, हे चार ओळींत लिहा.

मास्टर्सबद्दल थोडक्यात: सात वर्षांच्या अनुभवावर केवळ देशात शिरण्यासाठी पदवी घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला इथे शुल्क भरावे लागते, आणि तो खर्च लाखांत जातो. रचना किंवा वायुगतिकी अशा नव्या विषयात शिरायचे असेल तरच डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाचा पवनऊर्जेचा अभ्यासक्रम पाहा. नोकरीवर यायचे तर किमान पगाराची मर्यादा आणि तुटवड्याच्या पदांची यादी या दोन मुख्य वाटा आहेत. दोन्ही बदलत राहतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

आता ओळखीचा प्रश्न. इथला हा उद्योगच मुळी लोकांनी एकत्र येऊन उभा केला आहे. १९७३ च्या तेलसंकटात जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर असलेला हा देश हादरला, आणि गावोगावचे सुतार, लोहार, शिक्षक पवनचक्क्या करून पाहू लागले. उल्फबोर्गजवळच्या ट्विंड इथल्या शाळांमधल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी उभारलेली प्रचंड पवनचक्की १९७८ मध्ये फिरू लागली. त्याच वर्षी पवनचक्कीमालकांची संघटना स्थापन झाली. कोणाच्या चक्कीने किती वीज दिली आणि कोणाची कुठे मोडली, हे ती संघटना सभासदांना उघड सांगत असे, त्यामुळे कारखानदारांना खोट झाकता येत नसे. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात २००० मध्ये उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडनच्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेने उभारल्या. सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला याचे महत्त्व मी काय सांगावे!

म्हणून इथे अनोळखी व्यवस्थापकांना संदेश पाठवत बसण्यापेक्षा एखाद्या मंडळात किंवा संघटनेत शिरून हाताने काम करणे जास्त फळते. मी आमच्या भागातल्या दुरुस्ती कट्ट्यावर दर शनिवारी लोकांचे बिघडलेले मिक्सर आणि दिवे उघडून बसत असे, डॅनिश सुधारावी म्हणून. तिथे येणारे एक निवृत्त गृहस्थ तीस वर्षे पाती बनवण्याच्या कामात होते. सहा महिने त्यांनी माझे तारांना डाग देणे (सोल्डरिंग) आणि माझे व्याकरण दोन्ही निमूटपणे सुधारले, आणि एके दिवशी म्हणाले की दुरुस्तीच्या यार्डात माणूस हवा आहे, मी तुझे नाव सांगतो. त्यांनी शिफारस केली ती माझ्या पदवीची नव्हती. शनिवारी वेळेवर येणाऱ्या बाईची होती. गणपतीला आणि दिवाळीला भेटणारी मराठी माणसे घर शोधायला, मुलांच्या शाळेला, तापात डाळभात पोचवायला देवासारखी धावून येतात, पण त्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. धंद्याची माणसे धंद्यातच गाठावी लागतात.

आल्याबरोबर इंजिनिअरांच्या संघटनेचे सभासद व्हा. करारावर सही करण्यापूर्वी ती तुमचा करार वाचून देते. बेकारी विमा वेगळा असतो; तोही घ्या. हे अशासाठी सांगते की या उद्योगात सगळे गोड नाही. डेन्मार्कने उत्तर समुद्रातल्या तीन गिगावॅट पवनऊर्जेसाठी मागवलेल्या निविदांची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली, तेव्हा एकही आली नव्हती. पोलाद, व्याज आणि वीजदर यांचे गणित कोणाला जुळले नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत नोकऱ्या गेल्या, आणि तुमचा इथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. आमच्या यार्डातही दोन रिकाम्या जागा वर्षभर भरल्या नाहीत. मात्र उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची देखभाल थांबत नाही, त्यामुळे बांधणीपेक्षा देखभालीच्या बाजूने शिरणे मला अधिक सुरक्षित वाटते. समुद्रावर जाण्याची तयारी असेल तर उंचीवरचे काम, आग, प्रथमोपचार आणि समुद्रात तग धरणे यांचे जीडब्ल्यूओचे (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या पवनउद्योगाच्या संस्थेने ठरवलेले) प्रशिक्षण लागते. त्यातले बहुतेक भाग दर दोन वर्षांनी पुन्हा करावे लागतात, तेव्हा नोकरी ठरण्याआधी स्वतःचे पैसे त्यात घालू नका.

आणि एक विनंती. आजपासून तीन महिने ती एका ओळीची वही लिहा, आणि वाळूच्या ढिगाबद्दल मला एक पानभर सविस्तर लिहून पाठवा: ती किती निघते, कुठे जाते, कोणी काय करून पाहिले. ओतकामातल्या दोन-तीन माणसांना मी ते दाखवू शकते. यायचे ठरलेच तर जानेवारीत येऊ नका. तेव्हा दिवस जेमतेम सात-आठ तासांचा असतो आणि मंडळांचे गट तोवर जमून गेलेले असतात. ऑगस्टच्या मध्यावर या. उन्हाळी सुट्टीनंतर संध्याकाळचे वर्ग, गाण्याचे गट, दुरुस्तीचे कट्टे सगळे तेव्हाच नव्याने सुरू होतात, आणि नवीन माणसाला कोणी ‘तू कुठून उगवलास’ असे विचारत नाही.