एकाच जातीचं रानटी झाड डोंगरावर खुजं आणि पायथ्याशी उंच: मातीमुळे की जीन्समुळे? मुलाला अकरावीच्या प्रोजेक्टसाठी हवंय

बहुतेक वेळा दोन्हीमुळे, पण ‘माती वेगळी, दुसरं काय’ असं म्हणून विषय संपवणाऱ्यांचा मला फार राग येतो म्हणून लिहितेय.

बडोद्यात एमएस्सी करताना पावागढला माचीवरचा टाकळा वीतभर आणि खाली चांपानेरचा कमरेएवढा बघितला, एका सरांना विचारलं तर म्हणाले, अगं वर माती आहे कुठे, आणि एवढ्याशा अंतरात जीन्स वेगळे राहतील कसे, मधमाश्या सगळं मिसळून टाकतात. दिवाळीनंतर मी दोन्हीकडच्या शेंगा आणल्या, जूनमध्ये बिया सँडपेपरवर घासून (नाहीतर टाकळा नीट उगवत नाही) अगाशीत सारख्याच कुंड्यांत, एकाच मातीत लावल्या, आणि भाजीसाठी कोवळी पानं खुडायला आलेल्या आईला रोज अडवलं. खतपाणी सगळ्यांना सारखं, तरी माचीवाली खुजीच राहिली! सर म्हणाले बी उपाशी आईचं आहे, म्हणजे वरच्या उपाशी झाडावरचं बी, म्हणून रोपही खुजं. शंका रास्त होती म्हणून पुढच्या पावसाळ्यात कुंडीतल्याच झाडांचं बी लावलं. परत तेच. सरांनी विषय बदलला.

खरं तर हे सगळं क्लॉसन, केक आणि हिसी या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात 1940 च्या दशकात करून दाखवलंय. एकाच झाडाचे तुकडे करून समुद्रसपाटीजवळ, साधारण 1400 मीटरवर आणि 3000 मीटरवर लावले. जागेप्रमाणे उंची बदलली हे खरं, पण उंचावरून आणलेली झाडं खाली लावली तरी खालच्यांइतकी वाढली नाहीत, आणि किनाऱ्याकडची वर टिकेनात. आणि मधमाश्यांचं म्हणाल तर वेल्समधल्या जुन्या खाणींचे ढिगारे बघा, तिथलं गवत धातूचं विष पचवतं आणि काही मीटरवर कुरणातलं तेच गवत त्या मातीत मरतं, परागकण वाऱ्याने मधे उडत असूनही. निसर्गाची निवड कडक असेल, म्हणजे न जुळणारी झाडं मरूनच जात असतील, तर मिसळण होऊनही फरक टिकतो. शिवाय खाणीवरचं गवत फुलतंही थोडं आधी, त्यामुळे मिसळणही कमी होते.

नेमके कुठले जीन्स ते कुंडीतून कळत नाही. उंचीसारख्या गुणामागे सहसा बरेच जीन्स असतात, त्याला लॅब लागते. आणि माझ्या टाकळ्यावरून सगळ्या झाडांचं ठरवू नका, काही जाती खरंच नुसत्या मातीने बदलतात.

मुलाला एकाच झाडाचं बी घेऊ देऊ नका, दोन्हीकडे लांबलांबच्या झाडांचं घ्यायला सांगा, कुंड्यांच्या जागाही अधूनमधून बदलायच्या, आणि शाळेतले सर ‘मातीच वेगळी’ म्हणाले तर दोन्ही कुंड्या त्यांच्या टेबलावर ठेवून मोजपट्टी त्यांच्याच हातात द्यायची.