‘ओलांडताना’ नेमके कोण ओलांडते?

मडगावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, विद्यार्थ्याने निबंधात लिहिलेले ‘क्रॉसिंग द झुवारी ब्रिज, द रिव्हर लुक्ड काम’ हे वाक्य चुकीचे का ठरते. ‘झुवारी पूल ओलांडताना नदी शांत दिसत होती’ हे मराठी वाक्य तर कोणालाच खटकत नाही.

प्रश्न मोलाचा आहे, कारण या चुकीचे मूळ त्या फरकातच आहे. इंग्रजी वाक्याच्या आरंभी असा कर्ता नसलेला पदबंध आला की त्याचा कर्ता म्हणून स्वल्पविरामानंतरचे कर्तृपदच धरले जाते. त्यामुळे वरच्या वाक्यात पूल ओलांडते ती नदी. मराठीच्या ‘-ताना’ला हे बंधन नाही; ओलांडणारा कोण, ते संदर्भावरून कळते. ‘-ऊन’ अधिक काटेकोर आहे. ‘स्थानकावर पोहोचून वास्कोची बस सुटली’ असे म्हटले तर पोहोचली ती बसच. प्रवाशाची हकिगत सांगायची असेल तर ‘मी पोहोचेपर्यंत’ असेच म्हणावे लागते. तरीही ‘बातमी ऐकून मला आनंद झाला’ हे वाक्य पूर्ण निर्दोष आहे. झाला तो आनंद, म्हणजे व्याकरणाने कर्ता तोच, पण ऐकणारा मात्र ‘मला’मधला मी. मराठी येथे अनुभव घेणाऱ्याकडे पाहते, इंग्रजी कर्तृपदाकडे. कोकणीतही ‘आयकून म्हाका बरें दिसलें’ अशीच रचना असल्यामुळे गोव्यातल्या मुलाच्या हातून ‘हिअरिंग द न्यूज, माय जॉय न्यू नो बाउंड्स’ असे वाक्य सहज उतरते. नुसती लाल रेघ मारून भागत नाही, हा फरक वर्गात उलगडून दाखवलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

स्वल्पविरामापाशी थांबून ‘हे कोणी केले?’ असे विचारावे. उत्तर लगेच पुढच्या कर्त्यात मिळाले नाही तर दोष आहे. मग योग्य कर्ता तेथे आणावा, ‘क्रॉसिंग द झुवारी ब्रिज, वी सॉ अ काम रिव्हर’, किंवा पदबंधालाच कर्ता देऊन ‘अ‍ॅज वी क्रॉस्ड द झुवारी ब्रिज’ असे पूर्ण उपवाक्य करावे. पदबंध नुसता वाक्याच्या शेवटी नेल्याने दोष जात नाही. कर्मणी रचना सर्वांत फसवी: ‘आफ्टर क्लीनिंग द फिश, द करी वॉज कुक्ड’ यात मासे साफ करणारे माणूसच वाक्यातून नाहीसे होते.

‘कन्सिडरिंग’, ‘जजिंग बाय’ यांसारखी रूपे मात्र आता शब्दयोगी अव्ययांसारखी रुळली आहेत. ‘कन्सिडरिंग द रेन, द फेरी वॉज क्विक’ या वाक्याचे गुण कापू नयेत.