सिंगापूर की ऑकलंड? हिशोबातला राहिलेला रकाना

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सिव्हिल इंजिनियर आहात, बायको शिक्षिका, मुलगी सात वर्षांची आणि आई साताऱ्यात एकटी. हातात दोन ऑफर आहेत, सिंगापूर आणि न्यूझीलंडमधलं ऑकलंड, आणि कुठलं जगणं चांगलं हे विचारताय. मी सिंगापूरला सहा वर्षं काढली, ऑकलंडला आता आठ झाली.

पगाराचा तुमचा हिशोब बरोबर आहे. हातात जास्त सिंगापूरलाच उरतं. तिथे आयकराचा सगळ्यात वरचा टप्पा २४ टक्के, इथे ३९. जीएसटी तिथे ९, इथे १५. पण त्या हिशोबात एक रकाना राहिलाय : उद्या नोकरी गेली तर?

सिंगापूरला तुम्ही एम्प्लॉयमेंट पासवर जाणार, म्हणजे त्या नोकरीपुरत्या परवान्यावर. नोकरी सुटली की पास रद्द होतो आणि पुढे साधारण ३० दिवस राहता येतं. माझ्यावर ही वेळ आली. प्रोजेक्ट संपला, कंपनीनं माणसं कमी केली. भाड्याच्या घराचा करार मोडणं, शाळेचा दाखला, सोफ्यापासून कुकरपर्यंत सगळं विकणं, हे त्या एका महिन्यात. मुलगा रोज शाळेतून आला की आधी घरभर फिरून काय काय गेलं ते बघायचा. त्याची सायकल गेली त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

दुसरं, बायकोची नोकरी. मे २०२१ पासून तिथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवरा-बायकोपैकी दुसऱ्याला मिळणाऱ्या परवान्यावर, नोकरी करता येत नाही, स्वतःचा वर्क पास मिळवावा लागतो. शिक्षिका असलेल्या बाईला दोन-तीन वर्षं घरी बसावं लागलं तर घरात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. यावर तुमच्या दोघांचं आधी मोकळेपणानं बोलणं होऊ द्या.

आता सिंगापूरची बाजूही मनापासून सांगतो. रात्री साडेअकराला बायको एकटी एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, यायची आणि मला घड्याळ बघावं लागायचं नाही. घराखाली उतरलं की हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे खूप स्टॉल, गरम जेवण. घरकामाला पूर्ण वेळ बाई ठेवणं परवडतं. आणि मुंबई विमानानं साडेपाच तासांवर. वडील गेले तेव्हा मी सिंगापूरला होतो, शेवटचे काही तास त्यांच्याजवळ बसायला मिळालं. ऑकलंडहून भारतात थेट विमान नाही, घरी पोचायला अख्खा दिवस जातो, कधी जास्तच. आई साताऱ्यात एकटी आहेत म्हणून हे मोजूनच निर्णय घ्या.

ऑकलंडला सगळं स्वतःच्या हातानं करायचं असतं. १४ वर्षांखालच्या मुलाला देखरेखीची योग्य सोय केल्याशिवाय घरी सोडता येत नाही, तसा कायदाच आहे, त्यामुळे शाळा तीनला सुटली की दोघांपैकी एकाला हलावंच लागतं. घरं गार आणि ओलसर. पहिल्या हिवाळ्यात आम्ही रोज सकाळी टॉवेल घेऊन खिडक्यांच्या आतलं पाणी पुसायचो. कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे काळी बुरशी, आणि तिथेच टांगलेला लग्नातला कोट गेला. भाड्याचं घर बघताना घर गरम करणारा हीट पंप आहे का विचारा आणि कपाटामागची भिंत हातानं चाचपून बघा. सरकारी हॉस्पिटल रेसिडेंटना, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना असलेल्यांना, मोफत आहे, पण तातडीचं नसेल तर महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

तरी मी इथे राहिलो. गेल्या वर्षी पन्हळ साफ करताना शिडीवरून पडलो, मनगट मोडलं. एसीसी नावाची सरकारी अपघात योजना १९७४ पासून आहे, चूक कुणाची हे ती विचारत नाही. उपचाराचा बहुतेक खर्च त्यांनी उचलला आणि दुसऱ्या आठवड्यापासून पगाराच्या ८० टक्के रक्कम खात्यात येत राहिली. पाहुणे म्हणून आलेल्या आई पडल्या तरी उपचाराला ती योजना आहे. आजारपणाला मात्र नाही, त्यासाठी त्यांचा विमा काढूनच त्यांना बोलवा.

मुलीची शाळा : सिंगापूरला सहावीच्या शेवटी पीएसएलई ही मोठी परीक्षा, आणि तिची धास्ती घराघरात दोन वर्षं आधीपासून. इथे रेसिडेंटच्या मुलांना सरकारी शाळा मोफत, प्राथमिकला पोरं अनवाणी धावतात, गृहपाठ नावापुरता. गणिताचं घरी बघावं लागतं. मराठी मंडळ आणि गणपती दोन्हीकडे आहेत, त्यावर काही ठरवू नका.

माझं मत ऑकलंड, पण एका अटीवर. सिव्हिल इंजिनियर न्यूझीलंडच्या ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे माणसं हवी असलेल्या कामांच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळे मान्यताप्राप्त कंपनीची ऑफर असली तर थेट रेसिडेन्सीचा अर्ज करता येतो, तोही भारतातून. डिग्री त्यांच्या निकषात बसते का ते आधी तपासून घ्या आणि रेसिडेन्सी हातात घेऊनच या, म्हणजे बायकोलाही पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करता येईल. नुसत्या वर्क व्हिसावर आलात तर इथेही तुम्ही कंपनीलाच बांधलेले. कंपनी थांबायला तयार नसेल तर सिंगापूर घ्या, आणि सहा महिन्यांचा खर्च पहिल्याच वर्षी बाजूला टाका.